अल-हिज्रच्या दारांवर काय लिहिले आहे?

मदीनेहून निघताना अम्मीने पाण्याच्या बाटल्यांची एक वेगळी पिशवी भरून घेतली. मी म्हटले, "अम्मी, अल-उला आता मोठे पर्यटनस्थळ आहे, पाणी जागोजागी मिळते." ती म्हणाली, "वहाँ का पानी नै पीना. मालूम है ना तुझे?" मालूम होते. उमराह झाला होता, मदीनेतले दिवस संपले होते, परतीच्या विमानाला अजून चार दिवस होते आणि मदीनेच्या उत्तरेला तीनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेले मदाइन सालेह पाहायचे मी घरून निघतानाच ठरवले होते. अम्मी यायला नकार देईल असे वाटले होते. ती आली, पण काही अटी घालून.

या अटी तिच्या पदरच्या नाहीत. हिजरी सन ९, म्हणजे इसवी सन ६३०. प्रेषित मुहंमद (स.) तबूकच्या मोहिमेवर निघाले होते. कडक उन्हाळा, लांबचा पल्ला. वाटेत अल-हिज्रची दरी लागली. कुरआनात ज्यांचा उल्लेख वारंवार येतो त्या समूद लोकांची ही भूमी. सैन्यातल्या लोकांनी तिथल्या विहिरींचे पाणी काढले, त्या पाण्यात पीठही मळले. प्रेषितांनी ते पाणी ओतून द्यायला आणि मळलेले पीठ उंटांना घालायला सांगितले. पाणी घ्यायचेच तर सालेह (अ.) यांची उंटीण ज्या विहिरीवर पाणी पीत असे तिचे घ्या, असे सांगितले. आणि स्वतःवर अन्याय करून घेतलेल्या या लोकांच्या वस्तीत शिरायचे असेल तर रडत शिरा, नाहीतर शिरू नका, त्यांच्यावर आले ते तुमच्यावरही येईल, अशी ताकीद दिली. मग डोके झाकून ते वेगाने दरी ओलांडून गेले. अब्दुल्लाह इब्न उमर यांच्याकडून आलेली ही हदीस बुखारीच्या संग्रहात आहे.

समूदची कथा आमच्याकडे मुलांना लहानपणीच सांगितली जाते. डोंगर कोरून घरे करणारे, हातच्या कसबाचा गर्व झालेले लोक. सालेह यांनी त्यांना एका ईश्वराकडे बोलावले. त्यांनी निशाणी मागितली, उंटीण मिळाली. पाण्याची पाळी ठरली, एक दिवस उंटिणीचा, एक दिवस त्यांचा. त्यांनी उंटिणीच्या पायाच्या शिरा तोडून तिला मारले. तीन दिवसांनी एक भयंकर आवाज आला, जमीन हादरली आणि सकाळी सगळे आपापल्या घरात पालथे पडलेले होते. कुरआनच्या पंधराव्या सूरेचे नावच अल-हिज्र आहे.

ही कथा घेऊन माणूस त्या दरीत उतरतो. स्वतःच्या गाडीने आत जाता येत नाही. अल-उलापासून वीसेक किलोमीटरवर गाडी ठेवायची, तिथून बसने फिरायचे. बसबरोबर 'रावी' असतो. गाइडला त्यांनी हा जुना शब्द दिला आहे, तो मला आवडला. आमची रावी विशीतली स्थानिक मुलगी होती. तिने सगळ्यांना गहवा आणि खजूर दिले. अम्मीने खजूर घेतला, गहवा परत केला. गहवा कुठल्या पाण्याचा हे तिने विचारले नाही आणि मीही विचारू दिले नाही.

पिवळ्या-तांबूस वाळूतून एकेकटे उभे असलेले वालुकाश्माचे डोंगर. त्यांच्या अंगावर कोरलेले दर्शनी भाग. वर पायऱ्यांची नक्षी, खाली जाड पट्टी, दोन बाजूंना स्तंभ, मध्ये दार आणि दारावर कधी पंख पसरलेला गरुड, कधी कलश. अशी १११ कोरीव कामे इथे आहेत, त्यांतली ९४ नक्षीदार. २००८ साली युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत घेतले. सौदी अरेबियातले ते पहिलेच.

ही घरे नाहीत. लोक त्यांना आजही 'कसर' म्हणजे महाल म्हणतात, कसर अल-बिंत, कसर अल-फरीद. पण आत गेलात तर चूल नाही, खिडकी नाही, धूर जायला जागा नाही. एक बुटकी खोली, भिंतींत माणूस झोपवण्याएवढे कोनाडे, जमिनीत खड्डे. ही थडगी आहेत. राहती वस्ती मधल्या मैदानात होती, मातीच्या कच्च्या विटांची, आणि ती आता जमिनीत मिसळली आहे. ज्यांना आपण महाल समजत होतो ते मेलेल्यांसाठी होते.

आणि ती कोणाची हेही ठाऊक आहे, कारण तीसहून अधिक थडग्यांच्या दारांवर लेख आहेत आणि त्यांत साल आहे. सगळ्यात जुने इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचे, सगळ्यात अलीकडचे इ.स. ७५ च्या सुमाराचे. हे लोक म्हणजे नबाती. त्यांची राजधानी पेट्रा, आजच्या जॉर्डनमध्ये, इथून सुमारे ५०० किलोमीटर वायव्येला. अल-हिज्रला ते हेग्रा म्हणत. दक्षिण अरबस्तानातून लोबान आणि गंधरस घेऊन उंटांचे तांडे उत्तरेला जात आणि त्या वाटेवरचे हे दक्षिणेकडचे नबाती शहर. वाळवंटात शहर वसवायला जे लागते ते त्यांनी खडकात खणून मिळवले होते. इथे सुमारे १३० विहिरी सापडल्या आहेत. समूदचे नाव मात्र त्याहून कितीतरी जुने आहे. अश्शूरचा राजा सारगोन दुसरा याच्या लेखात, इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीला, त्याने हरवलेल्या अरब टोळ्यांत समूदचे नाव येते. म्हणजे दोघांत सातशेहून अधिक वर्षांचे अंतर.

हे मी बसमध्ये अम्मीला सांगितले. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हुजूर चुकले असं म्हणतोस?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. आपल्याकडे याची दोनच उत्तरे ऐकू येतात. एका गटाचे म्हणणे, पुरातत्त्व वगैरे सगळे परक्यांचे कारस्थान, हे महाल समूदचेच. दुसऱ्याचे म्हणणे, बघा, धर्मकथा खोटी ठरली. मला दोन्ही उत्तरे आळशीपणाची वाटतात. हदीसमध्ये दरीचा उल्लेख आहे, लोकांच्या वस्तीचा आहे, विहिरींचा आहे. अमुक दर्शनी भाग अमुक माणसाने कोरला असे तिथे कुठेच म्हटलेले नाही. एकाच दरीत समूद राहिले, त्यांच्यानंतर नबाती आले, इ.स. १०६ मध्ये रोमनांनी नबाती राज्य गिळल्यावर रोमन शिपाई आले, मग हाजींचे काफिले, मग उस्मानी तुर्क. कथा समूदची आहे, थडगी नबात्यांची. दोन्ही एका जागी आहेत, एवढेच. मी अम्मीला एवढेच सांगू शकलो. तिला ते पटले का, सांगता येत नाही.

खरे तर डोळे उघडे ठेवून ही जागा पाहणे आपल्या परंपरेला नवे नाही. १३२६ साली इब्न बतूता दमास्कसच्या हज काफिल्याबरोबर इथून गेला. काफिला तहानलेला असूनही कोणी इथल्या विहिरीला हात लावला नाही, हे त्याने नोंदवले आहे. त्याच दमात तो सांगतो की लाल डोंगरातल्या या घरांचे उंबरठे असे कोरलेले आहेत की आताच केल्यासारखे वाटावेत, आणि आत त्या लोकांची झिजलेली हाडे पडली आहेत. ती हाडे त्याने शापित समूदची समजली. पण बघा, आत हाडे आहेत हे पाहायला तो आत डोकावला होता. त्याच्यानंतर काही दशकांनी इब्न खल्दूनने 'मुकद्दमा'मध्ये वेगळाच मुद्दा काढला. प्राचीन लोक ताडामाडाएवढे राक्षसी होते असे कथेकरी सांगत. इब्न खल्दून म्हणतो, समूदच्या घरांची दारे बघा, ती आपल्या दारांएवढीच अरुंद आहेत. मग ती माणसे आपल्याहून मोठी कशी असतील? आज सहाशेहून अधिक वर्षांनी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कौमे समूद'चे वीस फुटी सांगाडे फिरत असतात. इब्न खल्दूनचे दार कोणी फॉरवर्ड करत नाही.

लेख मात्र आपल्यापैकी कोणी उतरवून घेतले नाहीत, हेही मान्य करायला हवे. ते काम चार्ल्स डाउटी या इंग्रज प्रवाशाने केले. १८७६ मध्ये तो दमास्कसच्या हाजींबरोबर इथवर आला. ख्रिस्ती असल्याने पुढे जाता येत नव्हते, म्हणून हज मार्गावरच्या इथल्या गढीत राहिला आणि ओला कागद लेखांवर दाबून त्याचे ठसे घेतले. पॅरिसला अर्नेस्त रेनांने ते १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९०७ पासून जोसां आणि साविन्याक या दोन फ्रेंच पाद्र्यांनी इथे येऊन सगळी दरी पिंजून काढली. मुसलमान या दरीतून मान खाली घालून जात होते, म्हणून हे लेख पाद्र्यांनी वाचले. मान खाली घालणे चूक होते असे मी म्हणत नाही. पण कुरआन वारंवार सांगतो की पृथ्वीवर फिरा आणि आधीच्या लोकांचा शेवट कसा झाला ते बघा. रडत जा आणि बघा, या दोन आज्ञा एकमेकींविरुद्ध आहेत असे मला कधी वाटले नाही. सौदी उलेमांनी मात्र दीर्घ काळ इथे येण्याविषयी नापसंतीच दाखवली. २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला आणि चित्र बदलले. आता हिवाळ्यात इथे संगीताचे कार्यक्रम होतात. एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकावर.

दारांवर काय लिहिले आहे? मुख्यतः मालमत्तेचे कागद. हे थडगे कोणी केले, कोणासाठी केले, यात कोणाला पुरता येईल आणि कोणाला नाही. हे विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही. तसे केल्यास देवांचा शाप, आणि शाप पुरेसा नसावा म्हणून दंडही. हजार नाणी देवाला आणि तेवढीच राजाला. एका लेखात तर या मजकुराची नक्कल मंदिरात जमा केल्याची नोंद आहे. सातबारा आणि नोंदणी कचेरीशी आयुष्यभर झगडलेल्या माणसाला हे लोक लगेच आपले वाटतात. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवले आहे की नबाती मृतदेहाला शेणाच्या किमतीचा समजतात. हे दार-लेख वाचले की कळते, त्याला चुकीचे सांगितले गेले होते.

लेखांत भेटणारी माणसेही मजेदार. एक वैद्य, लष्करी अधिकारी, एक ज्यू ज्याने आपण ज्यू आहोत हे दारावरच कोरले. पाथरवटांनीही स्वतःची नावे खाली कोरून ठेवली आहेत. वहबल्लाही असे एक नाव इथे येते, अर्थ अल्लाहची देणगी. इस्लामच्या सहाशे वर्षे आधी. इसवी सनाच्या तोंडावर राज्य करणाऱ्या हारिस चौथ्याचे बिरुद होते 'रहेम अम्मेह', आपल्या प्रजेवर माया करणारा. रहीम आणि रहमान ज्या धातूतून येतात त्याच धातूतून. आणि शाप देणाऱ्या देवांत दुशरा हा त्यांचा मुख्य देव, शिवाय अल्लात आणि मनात. या दोघींची नावे कुरआनातल्या अन-नज्म सूरेत येतात. पुस्तकात वाचलेली ती नावे खडकावर, प्रत्यक्ष श्रद्धेने कोरलेली पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. कमकम नावाच्या एका बाईने स्वतःसाठी आणि मुलीसाठी केलेल्या थडग्यावर ती आहेत.

हो, बाई. इथल्या बऱ्याच थडग्यांच्या मालकिणी बाया आहेत. जबल अल-अहमर इथे वहबूची मुलगी हिनात हिचे थडगे आहे, इ.स. ६०-६१ मधले. स्वतःसाठी, मुलांसाठी आणि पुढच्या वंशजांसाठी तिने ते करवून घेतले. फ्रेंच आणि सौदी पुरातत्त्वज्ञांनी ते खणले तेव्हा आत हाडे, कापडाचे आणि चामड्याचे तुकडे मिळाले. इथल्या अवशेषांमधल्या एका बाईच्या कवटीवरून तिचा चेहरा तयार करून २०२३ मध्ये तो लोकांसमोर ठेवला. त्या चेहऱ्याला हिनातचे नाव दिले आहे. हे मी अम्मीला सांगितले आणि तोवर "मैं नै उतरती" म्हणून बसमध्ये बसलेली ती काठी घेऊन खाली उतरली. डोक्यावरची ओढणी पुढे ओढून, ओठांत काही पुटपुटत ती दारापर्यंत गेली. आत गेली नाही. बाहेरून वर, लेखाकडे बघत उभी राहिली. "मुलांची सोय करून गेली," एवढेच म्हणाली.

कसर अल-फरीद शेवटी दाखवतात. एकटाच एक प्रचंड गोलसर खडक, त्यावर जवळजवळ चार मजली घराच्या उंचीचा दर्शनी भाग. कुझा नावाच्या माणसाच्या मुलाने करायला घेतला आणि अर्धवट राहिला. का, ते लेखात नाही. वरची पायऱ्यांची नक्षी गुळगुळीत, पूर्ण. खाली यावे तसे काम खडबडीत होत जाते आणि तळाशी नुसते छिन्नीचे घाव. म्हणजे वरून खाली कोरत येत होते. आम्ही औरंगाबादचे. वेरूळच्या कैलासात उभे राहून प्रत्येक गाइड हेच सांगतो, की आधी कळस, मग पाया. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळचे ते काम, याहून सातशे वर्षांनी नंतरचे, आणि वालुकाश्मात नव्हे तर कठीण काळ्या बेसाल्टमध्ये. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पायाड न बांधता डोंगर कोरायचा तर वरूनच सुरुवात करावी लागते, हे दोन्हीकडच्या पाथरवटांना कामातूनच कळले असणार. तरी खुलताबादच्या घाटातून वेरूळ बघत वाढलेल्या माणसाला कसर अल-फरीद ओळखीचा वाटतो. वेरूळच्या लेण्यांना औरंगजेबाने एका पत्रात खऱ्या कारागिराच्या, म्हणजे ईश्वराच्या, अद्भुत करणीचा नमुना म्हटले आहे. त्याच्याविषयी बोलताना हे पत्र कोणाला आठवत नाही, ना त्याच्या भक्तांना, ना शत्रूंना.

मला जो लेख बघायचा होता तो सगळ्यांत साधा आहे, नुसता खडकावरचा. साल १६२, रोमन प्रांताची कालगणना, म्हणजे इ.स. २६७. हारिसाचा मुलगा कअब याने आपली आई रकूश हिच्यासाठी केलेल्या कबरीचा. ती अल-हिज्रमध्ये तम्मूज महिन्यात वारली. लिपी नबाती, पण भाषा जवळजवळ पूर्ण अरबी. आणि जी अक्षरे आधीच्या थडग्यांवर सुटी सुटी, चौकोनी होती ती इथे एकमेकांना धरू लागली आहेत. पुढच्या दोन-तीन शतकांतले असे लेख याच भागात सापडत जातात आणि हळूहळू नबाती लिपीची अरबी लिपी होते. अभ्यासकांचे बहुमत आता याच बाजूचे आहे. इथून जवळच जुहैर नावाच्या माणसाचा लेख आहे, खलीफा उमर वारले त्या वेळचा, सन २४ हिजरी. साल घातलेल्या सर्वांत जुन्या इस्लामी लेखांपैकी एक. तो अरबी जाणणाऱ्या कोणालाही थोड्या प्रयत्नाने वाचता येतो. ज्या दरीतून पाणीही घ्यायचे नाही, तिथल्याच कबरींवरच्या अक्षरांतून मुसहफची अक्षरे निघाली.

हे मी परतीच्या वाटेवर अम्मीला सांगितले. मोबाईलवर लेखाचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला. तिला अरबी अर्थासह येत नाही, पण साठ वर्षे रोज कुरआन वाचणारी तिची नजर अक्षर पकडते. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "हा लाम आहे." होता.

"काय लिहिलंय?"

मी सांगितले. की ही कबर जो उघडील त्याला जगाच्या मालकाचा शाप.

"जगाचा मालक? देवीचं नाव नाही?"

"यात नाही. 'मारी आल्मा' असं आहे."

"आलमीनसारखं."

"हो."

"मुसलमान तर नसेल ती."

"इस्लामच्या साडेतीनशे वर्षं आधीची आहे, अम्मी."

ती गप्प झाली. बाहेर हिजाझ रेल्वेचे जुने स्टेशन मागे पडत होते, १९०७ मध्ये इथवर आलेल्या रुळांचे. त्यासाठी हिंदुस्थानातल्या मुसलमानांनीही वर्गणी पाठवली होती. तिने पिशवीतून मदीनेची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि बाटली माझ्याकडे दिली.

"मुलाचं नाव काय म्हणालास?"

"कअब."

"आणि तिचं?"

"रकूश."

"रकूश," ती एकदा म्हणाली, आणि डोळे मिटून मान सीटला टेकवली.